धडक आणि ताळेबंद

१ जानेवारी २०१३ रोजी फ्लोरिडा राज्यातील टॅम्पा शहरात मिशिगन आणि साउथ कॅरोलायना या दोन विद्यापीठांच्या संघांत अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. सामन्याला नाव होते उपाहारगृहांच्या एका साखळीचे. अखेरच्या सत्रात मिशिगनचा संघ एका गुणाने पुढे असताना व्हिन्सेंट स्मिथ या बुटक्या, चपळ खेळाडूच्या हाती चेंडू आला; आणि तो नीट छातीशी धरण्यापूर्वीच जेडेवियन क्लाउनी हा साडेसहा फुटी तरुण, वाटेत कोणीही न अडवल्यामुळे, पूर्ण वेगाने त्याच्यावर येऊन आदळला. स्मिथचे शिरस्त्राण उडून मागे जाऊन पडले, चेंडू निसटला, आणि क्लाउनीने तो एका हाताने ताब्यात घेतला. पुढच्याच खेळीत साउथ कॅरोलायनाने गुण वसूल केले आणि सामना ३३-२८ असा जिंकला. त्यानंतर ही धडक दूरचित्रवाणीवर इतक्या वेळा दाखवली गेली की तिला वेगळे नाव देण्याची गरज उरली नाही. नुसते ‘ती धडक’ म्हटले तरी अमेरिकेतील क्रीडाशौकिनांना समजू लागले. त्याच वर्षी एका क्रीडावाहिनीच्या वार्षिक समारंभात वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळी म्हणून तिला पारितोषिकही मिळाले.

या धडकेतून ज्यांनी पैसा मिळवला त्यांची यादी मोठी आहे. सामन्याला नाव देणारी कंपनी, प्रक्षेपण करणारी वाहिनी, दोन्ही विद्यापीठे, त्यांचे प्रशिक्षक, जर्सी आणि टोप्या विकणारे व्यापारी. या यादीत दोन नावे मात्र नव्हती: ज्याने धडक दिली तो आणि ज्याने ती सोसली तो. दोघेही ‘विद्यार्थी’ होते; आणि विद्यार्थ्याला वेतन नसते.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमधील ‘अविस्मरणीय धडकां’ची यादी करणे हा एक लोकप्रिय छंद आहे. कोणती धडक अधिक जबर, कोणाचे शिरस्त्राण अधिक दूर गेले, कोण किती वेळ उठू शकला नाही, याची चवीने चर्चा होते. पण कोणत्या धडका स्मरणात ठेवायच्या आणि कोणत्या विसरायच्या हे कोण ठरवतो, हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. वास्तविक सारा प्रश्न तेथेच आहे.

वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. हा फुटबॉल म्हणजे भारतात पायाने खेळला जातो तो नव्हे. यात अंडाकृती चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसायचे असते, आणि चेंडू नेणाऱ्याला अंगावर आदळून खाली पाडणे हा प्रतिपक्षाचा नियमसंमत मार्ग असतो. म्हणजे धडक हा या खेळातला अपघात नाही, ते त्यातले काम आहे. ज्याला ते काम चांगले येते त्याची निवड होते, त्यालाच शिष्यवृत्ती मिळते, आणि ज्याला ते येईनासे होते त्याची जागा दुसरा घेतो. या कामाला लागणारे धैर्य आणि कौशल्य कोणी नाकारू नये. नाकारायचे आहे ते हे काम ‘काम नव्हे’ असे म्हणणाऱ्यांचे ढोंग.

या ढोंगाला इतिहास आहे. १९०५ च्या हंगामात शालेय आणि महाविद्यालयीन पातळीवर मिळून दीड डझनाच्या आसपास तरुण हा खेळ खेळताना दगावले. प्रकरण इतके चिघळले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घ्यावे लागले. त्यातूनच १९०६ साली एक संस्था जन्मली आणि १९१० पासून ती राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजेच एन.सी.ए.ए., या नावाने ओळखली जाऊ लागली. खेळाडूंचे मृत्यू रोखावेत म्हणून जन्मलेल्या या संस्थेने पन्नास वर्षांच्या आतच मृत्यूची जबाबदारी कशी टाळावी यावर बुद्धी खर्च केली, हा या कहाणीतला सर्वांत बोधप्रद भाग होय.

१९५३ साली कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डेन्व्हर विद्यापीठाचा फुटबॉलपटू अर्नेस्ट नेमेथ याच्या बाजूने निकाल दिला. सरावात त्याच्या पाठीला इजा झाली होती, आणि विद्यापीठात त्याला मिळालेले काम त्याच्या फुटबॉलशी जोडलेले असल्याने तो विद्यापीठाचा कर्मचारीच ठरतो व कामगार म्हणून भरपाईस पात्र आहे, असे न्यायालयाने मानले. क्रीडासंघटनेचे धाबे दणाणले. एक खेळाडू कामगार ठरला तर उद्या देशभरातील हजारो ठरतील! तेव्हा ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द घडवण्यात आला आणि सर्वत्र तोच वापरावा असा दंडक घालण्यात आला. हा केवळ टीकाकारांचा आरोप नव्हे. १९५१ पासून साडेतीन दशकांहून अधिक काळ संघटनेचा कारभार पाहिलेले वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या शब्दाचा जन्म असा झाल्याची कबुली दिली आहे.

शब्दाचा उपयोग लवकरच झाला. १९५५ साली कोलोरॅडोतीलच एका छोट्या महाविद्यालयाच्या संघातून खेळताना डोक्याला मार बसून रे डेनिसन हा तरुण मरण पावला. त्याच्या पत्नीने भरपाईसाठी दावा केला. १९५७ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, हे म्हणणे न्यायालयाने ग्राह्य धरले. चार वर्षांत कायदा बदलला नव्हता, खेळ बदलला नव्हता, मानवी कवटीही बदलली नव्हती. बदलले होते ते नाव.

लोकप्रिय यादीत नसलेल्या अशा धडकांची दुसरी एक यादी करता येईल. तिची सुरुवात २० ऑक्टोबर १९५१ या दिवसापासून करावी. त्या दिवशी ओक्लाहोमा राज्यातील स्टिलवॉटर येथे ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट याच्यावर सामन्याच्या पहिल्या सात मिनिटांतच प्रतिपक्षाच्या एका गोऱ्या खेळाडूने तीनदा घाव घातले आणि त्याचा जबडा मोडला. त्यांतला एक घाव चेंडू ब्राइटपासून दूर गेलेला असताना घातलेला होता. दे मॉइन शहराच्या वृत्तपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी हा प्रकार चित्रमालिकेत टिपला. १९५२ साली त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. छायाचित्रे असूनही ना यजमान महाविद्यालयाने कारवाई केली, ना स्पर्धेच्या संयोजकांनी. ड्रेक विद्यापीठ निषेध म्हणून त्या स्पर्धेतून बाहेर पडले. यजमान विद्यापीठाची क्षमायाचना आली ती २००५ साली; तोवर ब्राइटला जाऊन जवळजवळ बावीस वर्षे लोटली होती.

दुसरी नोंद २६ ऑक्टोबर १९७४ ची. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा केंट वॉल्ड्रेप चेंडू घेऊन पळत असता अलाबामाच्या खेळाडूंनी त्याला पाडले. मानेला इजा होऊन तो कायमचा पंगू झाला. १९९३ साली टेक्सासच्या कामगार भरपाई आयोगाने त्याचा दावा मान्य केला. विमा कंपनी न्यायालयात गेली. ज्यूरीने त्याला कर्मचारी मानले नाही, आणि २००० साली अपील न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. एका धडकेचा निकाल लागायला सव्वीस वर्षे गेली, आणि निकाल काय, तर तो माणूस तेथे नोकरीला नव्हताच!

तिसरी नोंद २८ ऑक्टोबर १९८९ ची. मिसिसिपी विद्यापीठाच्या चकी मलिन्सने व्हँडरबिल्टच्या ब्रॅड गेन्स याला जोराची धडक दिली. गेन्स उठला. मलिन्सच्या मानेचे मणके फुटले होते. तो पुन्हा कधीच उठला नाही, आणि ६ मे १९९१ रोजी वारला. कृष्णवर्णीय मलिन्स आणि गौरवर्णीय गेन्स यांच्यात त्या दीड वर्षात मैत्री जडली. मलिन्सच्या मृत्यूनंतर गेन्स वर्षानुवर्षे त्याच्या थडग्याची देखभाल करायला जात राहिला. चौथी नोंद १६ ऑक्टोबर २०१० ची. रटगर्स विद्यापीठाच्या एरिक लग्रँडने सैनिकी अकादमीच्या खेळाडूला अडवण्यासाठी अंग झोकून दिले आणि मानेखालचे त्याचे शरीर निश्चल झाले.

या शेवटच्या दोन नोंदींकडे बारकाईने पाहिले पाहिजे. दोन्हींत जायबंदी झाला तो धडक देणारा. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर धडक देणारा विजेता आणि घेणारा पराभूत असे चित्र उभे केले जाते. शरीरशास्त्राला हा भेद मान्य नाही; आघात दोन्ही बाजूंना सारखाच पोचतो. आणि अर्थशास्त्रालाही तो मान्य नाही. कारण आदळणारी दोन्ही शरीरे एकाच बाजूची आहेत. त्यांची दुसरी बाजू मैदानावर नसते. ती काचेआड वातानुकूलित कक्षांत बसलेली असते.

शिवाय सर्वांत महाग धडका त्या असतात ज्या कोणाच्याच स्मरणात राहत नाहीत. २०१० साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या ओवेन थॉमस या एकवीस वर्षांच्या खेळाडूने आत्महत्या केली. त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांतून जडणाऱ्या सी.टी.ई. या विकाराची प्राथमिक चिन्हे सापडली. डोक्याला मोठा मार बसल्याची एकही वैद्यकीय नोंद त्याच्या नावावर नव्हती. आत्महत्येचे कारण तेच होते असे म्हणता येणार नाही. पण मेंदू आतून झिजत होता हे तर उघड झाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टन येथील संशोधकांच्या पाहणीत २०२ मृत फुटबॉलपटूंपैकी १७७ जणांच्या मेंदूत हा विकार आढळला. महाविद्यालयीन पातळीपर्यंतच खेळलेल्या ५३ जणांत ही संख्या ४८ होती. ज्यांच्या कुटुंबीयांना शंका आली त्यांनीच बहुधा हे मेंदू दान केले, तेव्हा हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावता येणार नाही, हे संशोधकांनीही सांगितले आहे. परंतु एखाद्या कारखान्यातील कामगारांच्या फुप्फुसांबाबत असे आकडे पुढे आले असते, तर ‘नमुना अपुरा आहे’ एवढे म्हणून कोणत्याही कामगार संघटनेने स्वस्थ बसणे पत्करले असते काय?

या व्यवस्थेच्या समर्थकांचे काही ठराविक युक्तिवाद आहेत. पहिला असा की, खेळाडू स्वेच्छेने खेळतात. खाणीतला कामगारही स्वेच्छेनेच खाणीत उतरतो. ‘स्वेच्छा’ या शब्दाचे मोल ठरते ते समोर दुसरा मार्ग कोणता आहे यावरून. व्यावसायिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार माध्यमिक शाळा सोडल्यानंतर तीन वर्षे उलटल्याशिवाय खेळाडूला तेथे प्रवेश नाही. ती तीन वर्षे त्याने कोठे काढावीत? म्हणजे महाविद्यालयाचे दार त्याने निवडलेले नसते, बाकीची दारे बंद करून ठेवलेली असतात. क्लाउनीचेच उदाहरण घ्यावे. ‘त्या धडके’नंतर पुढचा महाविद्यालयीन हंगाम त्याने खेळूच नये, शरीर जपावे, असा सल्ला अनेकांनी जाहीरपणे दिला. तो खेळला. २०१४ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याला पहिला क्रमांक मिळाला आणि सुमारे २ कोटी २० लाख डॉलरांचा चार वर्षांचा करार झाला. माणूस तोच, खांदा तोच, धडकही तीच. बाजाराने त्या श्रमाची ही किंमत ठरवली असेल, तर आदल्या वर्षी ती शून्य कशी होती? अतिरिक्त मूल्य म्हणजे काय हे समजावून सांगण्यासाठी अभ्यासवर्गात याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

दुसरा युक्तिवाद शिष्यवृत्तीचा. शिक्षण फुकट मिळते, आणखी काय हवे? १९७३ साली क्रीडासंघटनेने चार वर्षांची हमी काढून शिष्यवृत्ती वर्षावर आणली. दर वर्षी तिचे नूतनीकरण प्रशिक्षकाच्या मर्जीवर राहिले. अनेक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा पुन्हा मिळाली ती चार दशकांनी. खेळता येईना तर काढून घेता येते अशा रकमेला शिष्यवृत्ती म्हणत नाहीत. तिला मजुरी म्हणतात, आणि तीही वस्तुरूपाने दिलेली. याउलट प्रशिक्षकाचा करार पाहावा. वॉल्ड्रेपच्याच टेक्सास राज्यातील एका सरकारी विद्यापीठाने २०२३ साली जिंबो फिशर या प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी पदावरून दूर केले, तेव्हा कराराप्रमाणे त्याला साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देणे लागले. संघ हरला म्हणून घरी बसवलेल्या प्रशिक्षकाला कोट्यवधी, आणि खेळताना मान मोडलेल्या खेळाडूला न्यायालयाचे ‘तू नोकर नव्हतास’! करार म्हणजे काय आणि करार नसणे म्हणजे काय, हे एवढ्यावरून कळावे.

तिसरा युक्तिवाद असा की, आता नियम सुधारले आहेत. हे अंशतः खरे आहे, आणि खरे ते मान्य केले पाहिजे. डोके पुढे करून आदळण्यास १९७६ साली बंदी आली, आणि मानेच्या गंभीर इजा त्यानंतर घटल्या. डोक्यावर नेम धरून धडक देणाऱ्याला २०१३ पासून मैदानाबाहेर काढले जाते. १९९२ साली भीषण इजांसाठी विमा आला. परंतु हे सारे वरून दिलेले आहे; खेळाडूंच्या हाती मागण्याचा अधिकार नाही. जे वरून येते ते वरूनच परत घेतले जाऊ शकते, हा कामगार चळवळीचा पहिला धडा आहे.

चौथा युक्तिवाद सर्वांत नवा आणि म्हणून सर्वांत फसवा: आता खेळाडूंना पैसे मिळतात, प्रश्न मिटला. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने क्रीडासंघटनेच्या विरोधात निकाल दिला. त्याच वर्षापासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व छबीचा मोबदला घेता येऊ लागला. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्याने विद्यापीठांना २०२५-२६ या वर्षासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांच्या मर्यादेत सर्व खेळांतील खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. ही खेळाडूंच्या दीर्घ लढ्याची कमाई आहे, तिला क्षुल्लक लेखणे चूक ठरेल. पण या समझोत्यातही एक गोष्ट काळजीपूर्वक बाजूला ठेवण्यात आली: खेळाडू हा कर्मचारी आहे ही कबुली. पैसा दिला, दर्जा दिला नाही. नामवंताला जाहिरातीचे लाख मिळतील. पण मोडलेल्या मानेची भरपाई, सुरक्षिततेबाबत बोलण्याचा हक्क आणि सामुदायिक वाटाघाट या गोष्टी नामवंतपणातून मिळत नाहीत, त्या दर्जातूनच मिळतात.

दर्जा देण्याची भीती किती खोल आहे हे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. २०१४ साली तेथील फुटबॉलपटूंनी कर्णफलक झिजेपर्यंत ऐकवलेल्या ‘चारित्र्यसंवर्धना’च्या प्रवचनाला बाजूला सारून युनियन स्थापण्यासाठी अर्ज केला. त्यांची पहिली मागणी पगाराची नव्हती. वैद्यकीय खर्चाची आणि डोक्याच्या इजांपासून संरक्षणाची होती. राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या प्रादेशिक संचालकाने शिष्यवृत्तीधारक खेळाडू हे कर्मचारी आहेत असा निर्णय दिला. एप्रिलमध्ये गुप्त मतदान झाले, मतपेट्यांना मोहोर लागली. विद्यापीठ अपिलात गेले, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये मंडळाने या प्रकरणात अधिकार चालवण्याचेच नाकारले. ती मते कधी मोजलीच गेली नाहीत. महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत जबर धडक कोणती, असे विचारले तर तिचे उत्तर येथे आहे. ती मतपेटीवर बसली.

भारतीय वाचकाला या साऱ्यात परके असे फार थोडे वाटेल. श्रमाला दुसरे नाव देऊन श्रमिकाचा हक्क काढून घेण्याची विद्या येथेही अवगत आहे. आशा ही ‘स्वयंसेविका’ असते आणि तिला मिळते ते ‘मानधन’. १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवाराला कामगार मानले नाही. पण त्याच कायद्याने, शिकताना त्याला इजा झाली तर मालकाने कामगाराप्रमाणेच भरपाई द्यावी एवढी तरी लाज राखली. जगातील सर्वांत श्रीमंत देशाच्या विद्यापीठांना तेवढीही राखता आली नाही.

काही पुरोगामी मंडळी या खेळाला रानटी म्हणून नाक मुरडतात आणि तेथेच थांबतात. हे सोपे आहे, आणि निरुपयोगीही. धोक्याचे काम करणाऱ्याला त्याचे काम रानटी आहे असे सांगून त्याचे काहीच भले होत नाही. त्याला हवा आहे कर्मचारी म्हणून दर्जा, इजेची आयुष्यभराची भरपाई आणि स्वतःची संघटना. मेंदूचा विकार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो; म्हणून जबाबदारीही पदवीदानाच्या दिवशी संपता कामा नये.

व्हिन्सेंट स्मिथ हा फ्लोरिडातील पहोकी या उसाच्या मुलुखातला. खेळ सुटल्यावर तो मिशिगनमधील फ्लिंट या उद्योग उठून गेलेल्या शहरात ओसाड जागांवर भाजीपाल्याच्या बागा उभारण्याच्या कामात शिरला. त्या कामाचे चित्रण कोणत्याही वाहिनीने हजार वेळा दाखवले नाही. पडद्यावर त्याचे शिरस्त्राण मात्र अजून उडते आहे, आणि दर वेळी ते उडते तेव्हा कोणाच्या तरी ताळेबंदात जमेची एक रक्कम पडते. खर्चाची बाजू ज्यांच्या शरीरावर लिहिली गेली आहे, त्यांनी एकत्र येऊन तो ताळेबंद मागितल्याखेरीज तो कोणी उघडून दाखवणार नाही.